कर्ज अंगावर आले तर: यादी, तडजोड आणि नादारीचा अर्ज

कापडाच्या धंद्यात उधारीवाचून पान हलत नाही. सूत उधार येते, सायझिंग उधार होते, कापड उधार जाते आणि या सगळ्या उधारीच्या मधल्या फटीत कारखानदाराचे घर चालते. मालेगावात आम्ही बरीच वर्षे सूत आणि ग्रे कापडाचा व्यापार करीत आहोत. घेणेकरी म्हणून लोकांच्या दारात उभे राहिलो आहोत आणि देणेकरी म्हणून बँकेच्या बाकावरही बसलो आहोत. म्हणून या पानावर आज मालाचे भाव न सांगता, ज्या विषयावर आपल्याकडे दार लावून कुजबुज होते त्या विषयावर उघडपणे बोलावे असे ठरविले. घरावर कर्ज चढत गेले तर काय करावे? आणि काहीच उपाय उरला नाही तर कोर्टात नादारीचा अर्ज करतात तो काय असतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडून सूत नेणारे एक कारखानदार होते. बारा माग, स्वतःचे घर, माणूस सरळ. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी या काळात बाजार बसला. त्यातच आईचे आजारपण आणि मुलीचे लग्न आले. बँकेचा हप्ता भरण्यासाठी त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, पतसंस्थेचा हप्ता भरण्यासाठी सावकाराकडून घेतले. आम्हाला दिलेला चेक परत आला. आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठविली आणि वर आमचा माणूस सकाळी त्यांच्या दारात बसविला. मोहल्ल्याने पाहिले, घरातील बायकांनी ऐकले. एका शुक्रवारी, माग बंद असताना, ते कुटुंब घराला कुलूप लावून गाव सोडून गेले.

त्यानंतर काय झाले? पतसंस्थेने दोन जामीनदार धरले. त्यांपैकी एक शाळामास्तर, त्यांच्या पगारातून वसुली सुरू झाली. माग मिळेल त्या भावाने गेले. दोन वर्षांनी ते कारखानदार एका संध्याकाळी आमच्या पेढीवर आले आणि म्हणाले, "सेठ, मी कोणाचे पैसे खाल्ले नाहीत. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, इतकेच."

आम्ही म्हणालो, "भाई, बसा. आधी सांगा, एकूण देणे किती?"

त्यांना सांगता येईना. दोन वर्षे ज्या देण्याला भिऊन ते परगावी राहिले, त्याचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी वही घेऊन यादी केली. यादी पुरी झाली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे तर वेळेवर फिटण्यासारखे होते."

हा लेख त्या यादीपासून सुरू होतो.

पहिली पायरी: यादी

एक साधी वही घ्यावी. प्रत्येक देण्यासाठी सहा रकाने करावेत: कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, काय तारण आहे, जामीन कोण, आणि कोणता कागद किंवा चेक त्यांच्या हातात आहे. उदाहरणादाखल एक घर घेऊ. घरावर बँकेचे कर्ज ६,००,०००. पतसंस्थेचे जामिनावरील १,५०,०००. सोन्यावर ८०,०००. सूत व्यापाऱ्याचे २,२०,०००. सावकाराचे १,००,०००. बायकोच्या नावे महिला गटाचे ४०,०००. भिशी उचललेली, तिचे ३०,०००. किराणा दुकानाचे १५,०००. बेरीज १२,३५,००० रुपये.

आकडा मोठा आहे. पण आता तो आठ ओळींत आहे आणि प्रत्येक ओळीचे औषध वेगळे आहे.

सावकाराची ओळ पाहा. दर शेकडा पाच, म्हणजे महिन्याला ५,००० रुपये, वर्षाला ६०,०००. वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज जाते आणि मुद्दल जागेवरच राहते. बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून माणूस असे पैसे उचलतो, म्हणजे स्वस्त कर्ज फेडण्यासाठी महाग कर्ज घेतो. घर बुडते ते बहुधा येथे. यादी समोर असती तर ही चूक दिसली असती. यादी डोक्यात असते तेव्हा, ज्याचा तगादा मोठा त्याला पैसे आधी जातात.

ही यादी बायकोसमोर, आणि मुलगा कमावता असेल तर त्याच्यासमोर करावी. घरापासून लपविलेले कर्ज घरच्यांना शेवटी वसुलीवाल्याच्या तोंडून कळते. त्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेले बरे.

दुसरी पायरी: कर्जाची जात ओळखणे

तारणी कर्ज म्हणजे ज्याच्या मागे घर, सोने किंवा यंत्र बांधलेले आहे. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला दिवाणी दावा न लावताही तारण ताब्यात घेता येते. त्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. हे ६० दिवस सोन्याचे असतात. नोटीस आली की ती कपाटात टाकू नये. लेखी हरकत द्यावी, हप्ते पुन्हा बांधून मागावेत. बँकेने पुढे ताब्याची कारवाई केलीच तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

पतसंस्थेचे कर्ज बहुधा जामिनावर असते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली पतसंस्थेला वसुलीचा दाखला मिळतो, वर्षानुवर्षे दावा चालवावा लागत नाही. हा दाखला जामीनदारावरही निघतो. म्हणून हप्ता थकणार असे दिसताच पहिली खबर जामीनदाराला द्यावी. ज्याने आपल्या शब्दावर सही केली त्याला नोटीस आल्यावर कळावे, यासारखी बेइमानी नाही.

बिनतारणी कर्ज म्हणजे व्यापाऱ्याची उधारी, हातउसने, किराणा, कार्डाचे किंवा मोबाइलवरून घेतलेले कर्ज. येथे घेणेकऱ्याला आधी दावा, मग हुकूमनामा, मग दरखास्त, मग जप्ती अशी वाट चालावी लागते. म्हणूनच हा घेणेकरी तडजोडीला लवकर तयार होतो. आम्ही स्वतः त्याच जातीचे घेणेकरी आहोत, म्हणून खात्रीने सांगतो: जो माणूस महिन्याला दोन हजार घेऊन स्वतः पेढीवर येतो, त्याच्यावर दावा लावण्याची व्यापाऱ्याला हौस नसते.

तिसरी पायरी: तडजोड, पण कागदावर

घरखर्च, शाळेची फी, वीजबिल आणि औषधपाणी वजा करून महिन्याला खरोखर किती उरतात ते काढावे. दहा हजार उरत असतील तर पंधराचा वायदा करू नये. मोडलेल्या मोठ्या वायद्यापेक्षा पाळलेला छोटा वायदा घेणेकऱ्याला प्रिय असतो.

तडजोड ठरली की ती लेखी घ्यावी. रक्कम किती, हप्ते किती, आणि त्यानंतर काही बाकी राहणार नाही, हे त्यात स्पष्ट असावे. शेवटचा हप्ता देताना बेबाकीचा दाखला, कोरे चेक आणि घराचे कागद परत घ्यावेत. बँकेशी कमी रकमेवर तडजोड केली तर क्रेडिटच्या नोंदीत तसा शेरा राहतो आणि पुढे कर्ज मिळणे जड जाते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रकरण कोर्टात गेले असेल तर लोकअदालतीत मिटविता येते. तेथे वेगळी कोर्ट फी लागत नाही, आधी भरलेली फी परत मिळते आणि तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. गटाच्या कर्जापायी ज्या भगिनींची झोप उडाली आहे त्यांनी हे विसरू नये.

तगादा, सावकार आणि चेक

या तीन गोष्टींना माणूस सर्वांत जास्त घाबरतो, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो.

वसुलीवाल्याला शिवीगाळ करण्याचा, नातेवाईकांना फोन करून बदनामी करण्याचा हक्क नाही. बँका व वित्त कंपन्यांच्या वसुली माणसांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीदाराला फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. त्रास झाला तर तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, आधी त्या बँकेकडे व नंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे लेखी तक्रार करावी.

सावकारी करण्यास महाराष्ट्रात परवाना लागतो. २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा कैदेस पात्र गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात कोणी घर किंवा जमीन लिहून घेतली असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. चौकशीत ते सिद्ध झाले तर ती मिळकत परत देण्याचा हुकूम होऊ शकतो.

चेकचे मात्र जपून. चेक न वटल्यास १३८ कलमाखाली फौजदारी होते. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत घेणेकऱ्याने नोटीस द्यायची असते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर प्रकरण तेथेच थांबते. नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात तो फिर्याद करू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा आपसांत मिटविता येतो. म्हणून नोटीस न घेता परत पाठविणे ही हुशारी नव्हे, त्यात हातचे १५ दिवस जातात. आणि कोरा चेक सही करून कोणालाही देऊ नये.

साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कर्जदाराला दिवाणी कैदेत टाकता येते काय? कायद्यात तरतूद आहे, पण निव्वळ गरिबीमुळे पैसे देता आले नाहीत म्हणून कोणाला कैदेत टाकता येणार नाही, पैसे असून बदनियतीने दिले नाहीत असे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगितले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

चौथी पायरी: नादारी

आता मुख्य विषय. यादी झाली, तडजोडीचा प्रयत्न झाला, तरी देणे आवाक्याबाहेर आहे. एकाने जप्ती आणली, दुसरा रांगेत आहे. अशा वेळी कायद्याने एक दार ठेवले आहे, ते नादारीचे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही बाजारात आणि कोर्टात शिकलो. तेथे जामीन, जप्ती, दावा, हुकूमनामा, तगादा हे शब्द ऐकले तेव्हा हे सारे आपलेच आहेत असे वाटले. नादार हा शब्दही तसाच. ना-दार, ज्याच्याजवळ नाही तो. त्यात चोर किंवा लबाड असा अर्थ नाही. "दिवाळे काढले" असे लोक म्हणतात तेव्हा त्यात कुत्सितपणा असतो. कायदा फक्त इतकेच विचारतो की जवळ किती आहे, देणे किती आहे आणि काही लपविले तर नाही ना.

मुंबई शहरासाठी १९०९ चा नादारी कायदा आहे, त्याचे काम मुंबई उच्च न्यायालयात चालते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर अशा बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे आणि त्याखालील अर्ज जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. २०१६ मध्ये संसदेने नादारी व दिवाळखोरीची नवी संहिता केली. तिच्यात व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, अगदी गरीब कर्जदाराला नव्याने सुरुवात करता यावी अशीही तरतूद आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. साध्या घरच्या कर्जदाराला अजून जुन्याच कायद्यांकडे जावे लागते. म्हणून "नव्या कायद्यात कर्ज माफ करून देतो" असे सांगून फी उकळणाऱ्यापासून दूर राहावे.

१९२० च्या कायद्याप्रमाणे स्वतः कर्जदार अर्ज करू शकतो. देणे फेडण्यास असमर्थ असणे ही पहिली अट. त्याशिवाय देणे किमान ५०० रुपये असावे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यावरून तो अटकेत असावा, किंवा त्याच्या मिळकतीवर जप्तीचा हुकूम झालेला असावा. यांपैकी एक गोष्ट पुरे. घेणेकरीही कर्जदाराविरुद्ध असा अर्ज करू शकतो. मिळकत लपविण्यासाठी दुसऱ्याच्या नावे करणे, एकाच घेणेकऱ्याला झुकते माप देणे, तगादा चुकविण्यासाठी घर सोडून जाणे, ही कृत्ये कायदा नादारीची कृत्ये समजतो आणि त्यापासून तीन महिन्यांच्या आत घेणेकऱ्याला अर्ज करता येतो.

अर्जात काय लिहावे लागते? आपण कोठे राहतो, धंदा कोठे करतो, कोणाचे किती देणे, त्यांची नावे व पत्ते, आपली सर्व मिळकत, तिची किंमत, ती कोठे आहे, आणि ती कोर्टाच्या हवाली करण्यास तयार आहोत हे कबूल करणे. वाचकांच्या ध्यानात आले असेल, ही तीच पहिल्या पायरीची यादी आहे. ज्याने ती आधीच प्रामाणिकपणे केली त्याचा अर्धा अर्ज तयार आहे.

अर्ज दाखल झाल्यावर घेणेकऱ्यांना नोटिसा जातात, हिशेबाच्या वह्या पाहिल्या जातात, कर्जदाराला प्रश्न विचारले जातात. कोर्टाची खात्री झाली की नादार ठरविल्याचा हुकूम होतो आणि तो राजपत्रात छापून येतो. त्या वेळेपासून मिळकत कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, ती विकून सर्वांना देण्याच्या प्रमाणात वाटली जाते. समजा विक्रीतून १,००,००० आले आणि वाटपात बसणारे देणे ५,००,००० आहे, तर प्रत्येकाला रुपयामागे २० पैसे. मोठा आवाज करणाऱ्याला जास्त आणि गप्प बसणाऱ्याला कमी, असे होत नाही.

कर्जदाराला काय मिळते? हुकुमानंतर कोणत्याही साध्या घेणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय त्या देण्यासाठी वेगळा दावा किंवा जप्ती करता येत नाही. कोर्ट अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही देऊ शकते. दहा दारांचा तगादा एका टेबलावर येतो. त्यानंतरही तडजोडीला वाव आहे: संख्येने निम्म्याहून अधिक आणि रकमेने तीन चतुर्थांश घेणेकऱ्यांनी एखादी योजना मान्य केली आणि कोर्टाला ती पटली, तर ती सर्वांवर बंधनकारक होते.

काय जाते, काय राहते

अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याचे पैसे, आणि शेतकरी, मजूर किंवा घरकामगार यांचे राहते घर, यांना दिवाणी कायद्याने जप्तीतून वगळले आहे. ते नादारीतही वाटपात जात नाही. मात्र व्यापारी किंवा कारखानदाराचे घर या सवलतीत बसत नाही आणि मागांचा कारखाना हत्यार म्हणून वाचेल असेही धरून चालू नये.

बायकोची स्वतःची मिळकत, तिच्या माहेरचे सोने, हे नवऱ्याचे नव्हे. मेहेर देणे असेल तर तेही एक देणेच आहे, यादीत त्याची ओळ असावी. पण कर्ज चढल्यावर घाईघाईने घर बायकोच्या नावे करणे वेगळे. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत योग्य मोबदल्याशिवाय दिलेली मिळकत कोर्ट परत आणू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला, मग तो मेहुणा असो की मित्र, मुद्दाम पुढे काढून पैसे दिले तर तेही रद्द होऊ शकते.

नादारीने काय सुटत नाही, हेही नीट ऐकावे. तारणी घेणेकऱ्याचा हक्क कायम राहतो, म्हणजे बँकेने घर तारण घेतले असेल तर नादारीमुळे घर वाचत नाही. जामीनदार आणि भागीदार सुटत नाहीत. सरकारचे देणे, लबाडीने केलेले देणे आणि बायको-मुलांच्या पोटगीचा हुकूम राहतो. चेकची फौजदारी आपोआप मिटत नाही.

शिवाय काही बंधने येतात. मुक्तता होईपर्यंत नादाराला आमदार, खासदार किंवा कंपनीचा संचालक होता येत नाही. आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून अधिक उधारी घेतली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ५० रुपये म्हणजे आज किराणा दुकानातील एका पुडीची उधारी, पण कायद्यातील आकडा तोच आहे.

शेवटी मुक्ततेचा अर्ज. नादार ठरविताना कोर्ट मुदत देते, त्या मुदतीत मुक्ततेसाठी स्वतः अर्ज करावा लागतो. पुष्कळांना वाटते की एकदा नादार ठरलो की सुटलो. मुदत चुकविली तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि माणूस पुन्हा पहिल्या जागी येतो. मुक्तता देताना कोर्ट पाहते की रुपयामागे ५० पैशांइतकीही मिळकत का उरली नाही, त्याला कर्जदार जबाबदार आहे का, मागील तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या आहेत का, डोळ्यांसमोर बुडत असूनही नवा माल उचलला का, सट्टा किंवा उधळपट्टी केली का. यात दोष आढळला तर मुक्तता नाकारली जाते, लांबते किंवा अटींवर मिळते. आमच्या व्यवसायातील बंधूंना येथे विशेष सांगणे आहे: "आपल्यात वही कोण लिहितो, सारे तोंडी असते," ही सवय चांगल्या दिवसांत खपते, वाईट दिवसांत तीच गळ्याशी येते. कुरआनने कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे, हे तर आपण सारे जाणतो.

मनातील प्रश्न

बरेच जण हळू आवाजात विचारतात, "कोर्टाने मुक्त केले तरी अल्लाहकडे देणे राहील का?" आम्ही आलिम नाही, हा प्रश्न आलिमांना विचारावा. व्यापारी म्हणून एवढेच सांगतो की कोर्टाची मुक्तता वसुली थांबविते, पुढे हात चालू लागल्यावर जुने देणे आपखुशीने फेडण्यास ती मना करीत नाही. फिक्हमध्येही मुफ्लिसाचा बाब आहे: गरजेच्या वस्तू सोडून त्याची मालमत्ता घेणेकऱ्यांत वाटावी, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे आपण कोर्टात जे मागतो ते आपल्या परंपरेला अनोळखी नाही. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला एक आहे, तेव्हा गरजवंताने बैतुलमालकडे किंवा बिनव्याजी पतपेढीकडे जाण्यात कमीपणा मानू नये. आणि कर्जदार मरण पावला तर आधी त्याच्या मालमत्तेतून देणे फेडले जाते, मग वारसांना हिस्सा मिळतो. वारसांवर देण्याचा बोजा त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरताच असतो. बापाच्या कर्जासाठी मुलाकडून घाईने नव्या कागदावर सही घेतली जाते, तेव्हा मुलाने हे आठवावे.

घेणेकरी बंधूंना दोन शब्द

त्या कारखानदारांचे आमच्याकडे जे देणे होते ते आम्ही हप्त्यांनी बांधून दिले, चेकची फिर्याद मिटविली. आता ते आपल्या चुलत भावाच्या कारखान्यात मागांवर देखरेख करतात आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रक्कम आणून देतात. शाळामास्तरांच्या पगारातून गेलेले पैसे ते आधी फेडीत आहेत, मग आमचे. तसे आम्हीच त्यांना सांगितले. घर मात्र बँकेच्या लिलावात गेले, ते परत आले नाही.

त्या सकाळी आम्ही दारात माणूस बसविला नसता आणि त्याऐवजी स्वतः जाऊन "भाई, यादी करू" म्हटले असते तर ते गाव सोडून गेले असते का? ठाऊक नाही. पण आमचे पैसे दोन वर्षे अडकले ते त्या तगाद्यानंतर, त्याआधी नव्हे. हिशेबाने पाहिले तरी तो तगादा आम्हाला महाग पडला. आणि त्याची लाज वाटते ती वेगळीच.

म्हणून ज्या वाचकाच्या घरी आज हप्ता थकला आहे त्याने येत्या शुक्रवारी, माग बंद असतील तेव्हा, घरच्यांना जवळ बसवून वही उघडावी. पहिल्या ओळीत सर्वांत जास्त भीती वाटते ते देणे लिहावे. शनिवारी त्या घेणेकऱ्याकडे स्वतः जावे, त्याने येण्याची वाट पाहू नये. आणि यादी पाहून आवाक्याबाहेर वाटले तर घर कोणाच्या नावे करण्याआधी, गाव सोडण्याआधी, वही घेऊन वकिलाकडे जावे.